नोकरी सांभाळून जोडधंदा: एकच की दोन-तीन?

दिवसा हिंजवडीत नोकरी, एप्रिल-मेमध्ये देवगडचे आंबे, शनिवार-रविवारी दहावीच्या गणिताचा क्लास आणि रात्री अकरानंतर हाउसिंग सोसायट्यांच्या हिशेबाचं ॲप. दोन वर्षं हे सगळं मी एकाच वेळी करून पाहिलं. ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ हे आईने पहिल्याच महिन्यात सुनावलं होतं. म्हण खरीच आहे, पण गोधडीही चिंध्यांचीच शिवतात. तुमच्याही डोक्यात तीन-चार कल्पना घोळत असतील तर कुठल्या दोन एकत्र शिवता येतील, ते आधी बघा.

आंब्याचा धंदा जेमतेम दहा आठवड्यांचा. बागायतदार ओळखीचा असला तरी पेट्यांचे पैसे आगाऊ लागतात. गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, ऑफिसातले आणि सोसायटीतले लोकच विचारतात. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात मात्र फोन खाली ठेवता येत नाही, आणि आढीतला आंबा तुमची क्लायंट मीटिंग संपायची वाट बघत नाही. कापल्यावर साका (आतला पांढरा, स्पंजासारखा गर) निघाला की मुकाट्याने बदलून द्यायचं. बराचसा नफा तिथेच जातो. (२०१८ पासून हापूसला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा कर्नाटकचा आंबा ‘देवगड’ म्हणून खपवायचा विचारही नको.) पण एक गुण असा की, जूनमध्ये पाऊस पडला की दुकान आपोआप बंद. डोकं रिकामं होतं.

क्लासला भांडवल म्हणजे एक फळा. पैसे महिन्याच्या महिन्याला येतात. अडचण वेळेची आहे: ‘या शनिवारी आमचं रिलीज आहे’ हे पंधरा मुलांच्या आईवडिलांना सांगता येत नाही. आणि जेवढे तास तेवढेच पैसे, त्यामुळे हा धंदा वाढत नाही. याबद्दल मला फारसं वाईट वाटत नाही.

ॲपचं गणित उलटं. पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत कोणाचा फोन नाही, हवं तेव्हा काम करा. गिऱ्हाईक आलं की तेच काम तुमच्या मानेवर बसतं. सोसायटीचे खजिनदार वर्षभर गप्प असतात आणि मार्चअखेर ताळेबंद जुळला नाही की रात्री साडेदहाला फोन करतात. पण तिन्हींतलं हेच एक काम असं आहे, जे एक दिवस नोकरीची जागा घेऊ शकतं.

आता कॅलेंडर उघडा. दहावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. सोसायट्यांचं वर्ष ३१ मार्चला संपतं. आंब्याचं बुकिंग त्याच सुमाराला सुरू होतं. माझ्या कंपनीतलं अप्रेझलही तेव्हाच. आठवड्याला बारा तास हातात आहेत हा माझा हिशेब खरा होता, पण सरासरीपुरता. मार्चमध्ये चौघांनाही तेच बारा तास हवे होते.

त्यामुळे माझं मत असं: क्लास आणि आंबे एकत्र चालतात, कारण परीक्षा संपल्यावर मुलं सुटतात आणि मग आंबा येतो. ॲप आणि आंबे एकत्र चालत नाहीत. ॲप आणि क्लास तर मुळीच नाही. वरखर्चाला पैसे हवे असतील तर पहिली जोडी घ्या. नोकरी सोडायचं खरंच मनात असेल तर फक्त ॲप, बाकी सगळं बंद. निरमाचे करसनभाई पटेल १९६९ मध्ये गुजरात सरकारच्या नोकरीत रसायनतज्ज्ञ असताना घरी धुण्याची पावडर करून विकत होते. एकच पावडर.

कायद्याचं बघताना आधी नेमणूकपत्र वाचा. २०२२ मध्ये विप्रोने दुसरीकडे काम करणाऱ्या ३०० जणांना काढलं; इन्फोसिसने आधी ताकीद दिली आणि मग परवानगी घेऊन बाहेरची कामं करायला मुभा दिली. आंबे विकल्याबद्दल कोणी हटकणार नाही बहुधा, पण ॲपच्या बाबतीत ‘नोकरीत असताना लिहिलेलं सगळं कंपनीचं’ असं कलम असू शकतं. कंपनीच्या लॅपटॉपवर एक ओळही लिहू नका. राज्य सरकारी नोकरांना १९७९ चे वर्तणूक नियम लागू आहेत. परवानगीशिवाय धंदा नाही, आणि ‘बायकोच्या नावावर करू’ म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की कुटुंबातल्या माणसाचा धंदाही कळवावा लागतो.

कराचा एक बारकावा अनेक धंदे करणाऱ्यांना हमखास चकवतो. नुसता माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीसाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा ४० लाख, सेवा देणाऱ्याला २० लाख. तुमचं पॅन एकच, म्हणून तिन्ही धंद्यांची उलाढाल एकत्र मोजतात. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, तरी ॲपची सेवा विकू लागलात की आंब्याची रक्कमही त्या २० लाखांत धरतात. शिवाय नुसता पगार असताना प्राप्तिकराच्या नव्या-जुन्या कररचनेतून दरवर्षी निवड करता येते. धंद्याचं उत्पन्न दाखवलं की नवी सोडून जुनीत गेल्यावर परत यायची संधी एकदाच. लहान असो की मोठा, पहिल्या धंद्याबरोबरच कररचनेचं हे बंधन लागू होतं, तेव्हा सीएची फी त्याच वर्षापासून धरा.

मी गेल्या जूनमध्ये ॲप बंद केलं. तीन सोसायट्यांना त्यांचा हिशेब एक्सेलमध्ये काढून दिला. त्यातल्या एका खजिनदारांचा यंदा मार्चअखेर पुन्हा फोन आला, रात्री साडेदहालाच. दोन पेट्या हव्या होत्या.