दोन राज्यांत मिळकत आहे: मृत्युपत्र करायचं, बक्षीसपत्र की ट्रस्ट?

आमचे काका गेले तेव्हा कोल्हापूरचं घर, पुण्यातला फ्लॅट आणि निपाणीजवळची थोडी शेती असं तीन ठिकाणी होतं आणि मृत्युपत्र नव्हतंच. घर आणि फ्लॅटचं त्यामानाने पटकन झालं. शेती मात्र कर्नाटकात, उतारा कन्नडमध्ये, आणि त्यावर काकांचं नाव आडनावाशिवाय, वडिलांच्या नावाचं नुसतं एक अक्षर पुढे लावलेलं. मृत्यूच्या दाखल्यावर पूर्ण तीन शब्दी नाव. ही दोन्ही माणसं एकच आहेत हे पटवायला काकूला भाषांतर, नोटरी, प्रतिज्ञापत्र, परत भाषांतर असे दोन वर्षं हेलपाटे घालावे लागले, गुडघे दुखत असताना एसटीने. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

मृत्युपत्र सगळ्यात स्वस्त. स्टॅम्प ड्युटी नाही, रजिस्टर करणं सक्तीचं नाही (तरी कराच), दोन साक्षीदारांसमोर सही हवी आणि त्यांच्याही सह्या हव्यात, आणि जिवंत असेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं. साक्षीदार शक्यतो आपल्यापेक्षा तरुण घ्या, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका.

प्रत्येक राज्यासाठी वेगळं करायचं का, हे सगळेच विचारतात. करता येतं, आणि एक फायदाही आहे, कर्नाटकातल्या तलाठ्याला पुण्याच्या फ्लॅटचं काय केलंय ते दिसत नाही. पण धोका फार मोठा आहे. मृत्युपत्राच्या छापील मसुद्यात "यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत" हे वाक्य हमखास असतं, आणि शेतीसाठी दुसरं करताना ते तसंच राहिलं की घराचं पहिलं मृत्युपत्र गेलंच. त्यापेक्षा एकच करा आणि मागे राज्यवार परिशिष्ट जोडा, गट नंबर, सर्व्हे नंबर, चतुःसीमा त्या त्या उताऱ्यावर आहे तशीच, अक्षर न बदलता.

प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, काढायची वेळ आली तर कोर्ट कुठलं हे फार महत्त्वाचं आहे, आणि हे खूप जणांना माहितीच नसतं. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे हायकोर्टाचं प्रोबेट सगळ्या देशात चालतं, पण जिल्हा न्यायाधीशांचं साधारण त्या राज्यापुरतंच. बाहेरच्या राज्यातली मिळकत १०,००० रुपयांच्या आत असेल तरच ते बाहेर चालू शकतं, आणि आज तेवढ्यात कुठली जमीन बसते? त्यामुळे दोन राज्यांचा मामला असेल तर वकिलाला हे पहिल्याच भेटीत विचारा.

शेतजमीन असेल तर अजून एक. ती शेतकरी नसलेल्या माणसाला मृत्युपत्राने देता येईल असं धरून चालू नका. गुजरातच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये अशी तजवीज चालणार नाही असं सांगितलं, आणि तिथला कूळकायदा म्हणजे आपला मूळचा १९४८ चा मुंबई कूळकायदाच. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा, तो आधी बघून घ्या.

आता बक्षीसपत्र. याचा मोठा गुण म्हणजे तुमच्या डोळ्यांदेखत नाव लागतं, मागे राहिलेल्यांना कोर्ट नाही की वारसदाखला नाही. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेती नवरा-बायको, मुलं, नातवंडं यांना दिली तर स्टॅम्प ड्युटी २०० रुपये, वर काही ठिकाणी स्थानिक अधिभार. दुसऱ्या राज्यात दर वेगळा, म्हणून तिथली मिळकत वेगळ्या दस्ताने तिथल्याच सबरजिस्ट्रारकडे करायची. पण दिलं की दिलं! उद्या मुलगा-सून नीट वागले नाहीत तर घर मागता येत नाही, निदान सहजासहजी तरी नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं, पण "माझा सांभाळ करेल या अटीवर" असं दस्तात लिहिलेलं असेल तरच हातात काही भक्कम राहतं. आणि मरेपर्यंत राहण्याचा हक्क स्वतःकडे ठेवा, तो पण लिहूनच. मेल्यावर सरकार टॅक्स घेईल म्हणून घाईने नावावर करणारे पण भेटतात, तर इस्टेट ड्युटी १९८५ लाच बंद झाली आहे.

ट्रस्ट म्हणजे मिळकत विश्वस्तांकडे सोपवायची आणि त्यांनी ती ठरलेल्या माणसासाठी सांभाळायची. तो बहुतेकांना लागत नाही. घरात स्वतःचं बघू न शकणारं मूल असेल, तर मात्र ट्रस्टसारखं दुसरं काही नाही. फक्त जमीन-घर ट्रस्टमध्ये टाकायचं तर रजिस्टर दस्त लागतो, प्रत्येक राज्याची ड्युटी वेगळी भरायची, आणि नातेवाइकांची ती सवलत ट्रस्टला आपोआप मिळत नाही. मृत्युपत्रातूनच ट्रस्ट उभा करायचा हा मधला मार्ग स्वस्त पडतो.

नॉमिनी म्हणजे मालक नाही, हे २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीतही सुप्रीम कोर्टाने परत सांगितलंय, म्हणून नॉमिनेशनवर विसंबू नका.

गोव्याचे मूळ रहिवासी असाल तर हे सगळं थांबवून आधी तिथला वकील गाठा. तिथे वारसांसाठी निम्मी इस्टेट राखीव असते, ती मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही, आणि २०१९ च्या निकालाप्रमाणे हा नियम गोवेकराच्या गोव्याबाहेरच्या मिळकतीलाही लागू होतो.

माझं मत विचाराल तर ज्यांची मुलं धड आहेत आणि ज्यांना स्वतःच्या घरात मानाने राहायचंय त्यांनी एकच मृत्युपत्र करावं. परराज्यातली लांबची जमीन, जी तसंही एकच जण बघतोय, ती मात्र हयातीत बक्षीस देऊन टाकावी. काकूने तसंच केलं. शेती धाकट्याला बक्षीस, बाकीचं मृत्युपत्रात. पण त्याच्याआधी तिने तीन महिने घालवून कन्नड उताऱ्यावर स्वतःचं नाव आडनावासकट नीट करून घेतलं, आणि दोन्ही दस्तांत तिचं माहेरचं नाव सुद्धा "ऊर्फ" लावून लिहायला लावलं.