दुहेरी आवरणाचा इनलेट पाइप : नऊ महिने वापरल्यानंतर

वॉशिंग मशीनला नळाचं पाणी आणणारा जुना रबरी पाइप फुटला तेव्हा मशीन बंद होतं. हे आधी सांगते, कारण ऐकणाऱ्याला नेमकं हेच पटत नाही. कपडे वाळत घालून झाले होते, बटण बंद, सगळे झोपलेले. पहाटे आई उठली आणि तिचा पाय थेट पाण्यात पडला.

पाणी अडवणारा व्हॉल्व्ह असतो मशीनच्या आत. त्यामुळे नळ उघडा राहिला की नळापासून मशीनपर्यंतचा पाइप रात्रंदिवस पाण्याचा दाब झेलत राहतो. मिनिटाला १० लिटर धरले तरी तासाभरात ६०० लिटर! लाकडी कपाटाचा तळ फुगला, तो पुन्हा बसला नाही.

फुटलेला पाइप हातात घेऊन पाहिला. मशीन भिंतीला चिकटवल्यामुळे तो नटाजवळ दुमडला होता, चीर तिथेच होती. जरा वाकवला तर आजूबाजूला बारीक भेगाही दिसल्या. त्या एका रात्रीत पडलेल्या नव्हत्या. आम्हीच कधी मागे डोकावलो नव्हतो.

स्टीलच्या जाळीचा पाइप घ्यायचं मनात होतं. तो दाब चांगला सोसतो, पण आतली नळी शेवटी रबराची किंवा प्लास्टिकचीच असते आणि फुगवटा आला तरी जाळीखाली दिसत नाही. म्हणून दुहेरी आवरणाचा घेतला. आतली नळी गळली की पाणी बाहेरच्या आवरणात साठतं, नळाकडच्या डबीतला पाणी शोषणारा तुकडा फुगतो आणि डबीतली झडप बंद होते. खिडकीत लाल खूण दिसते. एकदा झडप पडली की अख्खा पाइप बदलावा लागतो, हे मात्र घेतानाच लक्षात ठेवा.

नऊ महिन्यांत खूण लाल झालेली नाही. त्रास झाला तो वेगळाच. पाइप जाड आणि ताठ आहे, डबी मोठी. नळ कोपऱ्यात असेल तर ती फिरवायला जागा पुरत नाही. आम्हाला मशीन वीतभर पुढे ओढावं लागलं. चौथ्या महिन्यात नळाच्या नटाखाली थेंब दिसू लागले. त्या गळतीला ही झडप काहीच करत नाही, कारण ते पाणी डबीच्या आधीच गळत असतं. प्लंबरने टेफ्लॉन टेप गुंडाळली, तरी थेंब थांबेनात. इथे पाणी आट्यांनी अडत नाही, वायसरने अडतं, आणि आमचा वायसर तिरका बसला होता. नवा वायसर सपाट बसवला, नट हाताने आवळला, मग पकडीने जेमतेम पाव फेरा. तेव्हापासून कोरडं आहे. जोर लावून आवळू नका, वायसर चिरतो.

महिन्यातून एकदा दोन्ही टोकांना कोरडा कागद फिरवते. डाग हाताला लागण्याआधी कागदावर उमटतो. पाइपवर बसवल्याची तारीख मार्करने लिहिली आहे. पाच वर्षांनी, खूण हिरवी असली तरी, तो उतरवणार.

एवढं असूनही धुणं झालं की नळ बंद करतेच. आईला खाली वाकणं जमत नाही, म्हणून नळाची जुनी गोल मूठ काढून पाव फेऱ्यात मिटणारी दांडीची चावी बसवून घेतली. आता ती माझ्याही आधी बंद करून येते.

सांडपाण्याच्या पाइपला या सगळ्याचा काही उपयोग नाही. तो मशीन पाणी सोडतं तेव्हाच गळतो, म्हणून बघायचा तर तेव्हाच बघावा लागतो. आमच्याकडचा अजून जुनाच आहे. या आठवड्यात तोही बदलतेय.