पार्तागास सेरी डी नं. ४ : पट्टी एक, चवी तीन

हबानाच्या (म्हणजे हवानाच्या, क्युबाच्या) सिगारांत माझा सगळ्यात आवडता म्हणजे पार्तागास सेरी डी नं. ४, ओढणाऱ्यांच्या बोलण्यात नुसता ‘डी फोर’. गेले काही महिने मी हा एकच सिगार तीन वेगवेगळ्या सालांच्या पेट्यांतून आलटून पालटून ओढतोय : २०१४, २०१९ आणि २०२३. सिगारभोवतीची लाल कागदी पट्टी तीच, लांबी तीच १२४ मिलिमीटर, जाडीही तीच ५०. (जाडीचं हे माप इंचाच्या चौसष्टाव्या भागात असतं, म्हणजे साधारण वीस मिलिमीटर.) चव मात्र इतकी निराळी की पट्टी काढून हातात दिले, तर तिन्ही एकाच नावाने विकले जातात यावर विश्वास बसू नये. त्यामुळे ‘डी फोर कसा आहे?’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, कुठल्या सालचा?

साल कळतं पेटीच्या तळाशी. पेटी उलटी केली की लाकडात भाजून उमटवलेला ठसा दिसतो, ‘एचो एन कूबा’, म्हणजे क्युबात बनवलेला. त्याच्याजवळ ‘तोतालमेंते आ मानो’, म्हणजे पूर्ण हाताने वळलेला. हे शब्द १९८९ पासून पेटीवर येऊ लागले. शेजारी शाईचा शिक्का असतो : तीन अक्षरं, खाली महिना आणि सालाचे शेवटचे दोन आकडे. अक्षरं कारखान्याची खूण असतात, पण ती अधूनमधून बदलतात, त्यामुळे त्यांच्यावर फार विसंबता येत नाही. महिना स्पॅनिशमध्ये असतो. ‘एने’ म्हणजे जानेवारी, ‘आगो’ म्हणजे ऑगस्ट, ‘दिक’ म्हणजे डिसेंबर. ही तारीख सिगार पेटीत भरल्याची आहे. आतलं पान त्याहून बरंच जुनं असतं, आणि चवीची सगळी गंमत तिथूनच सुरू होते.

क्युबाच्या पश्चिम टोकाला पिनार देल रिओ प्रांत आहे. तिथल्या वुएल्ता आबाहो या तंबाखूच्या पट्ट्यातलं, त्यातही सान लुईस आणि सान हुआन इ मार्तिनेस या दोन गावांच्या परिसरातलं पान सगळ्यात नावाजलेलं. सिगारच्या पोटात तीन जातींची पानं जातात. झाडाच्या शेंड्याकडचं लिहेरो जाड, तेलकट, कडक. मधलं सेको सुगंधासाठी. खालचं वोलादो चवीला सौम्य, पण जळायला चांगलं. लिहेरो सावकाश जळतं म्हणून वळणारा कारागीर ते मधोमध ठेवतो. पानं ढिगात आंबवतात. ढीग आतून तापतो, अमोनिया निघून जातो, कडवटपणा कमी होतो. त्यानंतर गाठोडी बांधून पान मुरवायला ठेवतात. वोलादोला काही महिने पुरतात, लिहेरोला निदान दोन वर्षं लागतात. डी फोरमध्ये जोर आहे तो या लिहेरोचा. ते कमी मुरलेलं असो की पुरेपूर मुरलेलं, फरक जिभेला लगेच कळतो. सौम्य चवीच्या सिगारांत हा फरक एवढा जाणवत नाही.

आता प्रत्यक्ष चव.

२०२३ चा तिखट आहे. पहिल्या झुरक्यालाच काळी मिरी नाकात जाते. मागोमाग ओली माती, कडक भाजलेली कॉफी आणि घशाशी थोडी कोरड. अर्ध्यावर आला की चामड्याचा वास येतो, आणि शेवटच्या भागात सिगार अंगावर येतो; रिकाम्या पोटी ओढूच नये. काही जण या तिखटपणाचं खापर इयान वादळावर फोडतात. मला ते पटत नाही. इयान पिनार देल रिओवर आलं २७ सप्टेंबर २०२२ ला. पान वाळवायची हजारो घरं त्यात कोसळली, आणि त्याची झळ पुढच्या पिकांना बसणारच होती. पण २०२३ च्या पेटीतलं लिहेरो त्याच्या आधीच्या हंगामांतलं. माझ्या मते हा सिगार फक्त कोवळा आहे. त्याला वेळ द्यायला हवा, इतकंच.

२०१९ चा मला सगळ्यात समतोल वाटला. मिरी आहे, पण ती पहिल्या दहा मिनिटांत मागे सरते. मग कोको, भाजलेले बदाम, देवदाराच्या लाकडाचा कोरडा सुवास. मातीची चव शेवटपर्यंत राहते, आणि डी फोरची ओळख तीच. जेवणानंतर बिनदुधाच्या कॉफीबरोबर ओढायचा तर मी डोळे झाकून हा घेईन.

२०१४ ची पेटी दुबईतल्या एका मित्राने नीट सांभाळली होती, त्यातले काही त्याने मला दिले. हा सिगार हातात घेतल्यापासूनच वेगळा वाटतो. वरचं पान तांबूस तपकिरी, बोटांना जरा रेशमी. टोक कापून न पेटवता ओढून पाहिला तर काळ्या मनुकांचा गोडवा आला, तिखटाचा मागमूसही नाही. पेटवल्यावर धूर मऊ. पहिल्या भागात खारीक, जुनं चामडं, हलकी दालचिनी. राख करड्या रंगाची, घट्ट, दीड इंच झाली तरी पडली नाही. मधल्या भागात मी मुद्दाम झुरके लांबवले, कारण घाई केली की सिगार तापतो आणि गोडवा जळून जातो. तिथे कॉफीच्या मागून गुळासारखा एक सूर आला. तो इतर दोन्ही सालांत मला एकदाही सापडला नाही. शेवटच्या इंचापर्यंत कडवटपणा नाही. नव्या तांदळाचा भात आणि जुन्या आंबेमोहोराचा भात यांत जो फरक असतो, तोच इथे आहे. जोर गेलेला नाही, त्याचं रूप बदललं आहे.

म्हणजे जितका जुना तितका चांगला, असं मात्र नाही. सौम्य सिगार फार ठेवले तर नुसते फिके पडतात. आणि जे साल मुळातच कमजोर, ते मुरवून सुधारत नाही. १९९० च्या दशकात जगभर सिगारची लाट आली आणि क्युबाने उत्पादन झपाट्याने वाढवलं. त्या काळातल्या सिगारांविषयी जाणकारांची मुख्य तक्रार असायची की ते इतके गच्च वळलेले की धूरच येत नाही. गच्च वळलेला सिगार वीस वर्षं ठेवला तरी गच्चच राहणार. पुढे कारखान्यांत ओढ (धूर किती सहज येतो ते) तपासणारी यंत्रं आली आणि परिस्थिती सुधारली. त्याच सुमाराला बियाणंही बदलत होतं. जुनं कोरोहो वाण निळ्या बुरशीला बळी पडायचं, म्हणून रोगाला तोंड देणारी संकरित वाणं आणली गेली. त्यामुळे नव्वदच्या आधीच्या सिगारांशी आजच्यांची तुलना करताना फक्त वयाचा हिशेब पुरत नाही. झाडच वेगळं होतं.

एकाच महिन्याच्या दोन पेट्याही थोड्याफार वेगळ्या लागतात. कारखान्यात सिगार रंगावरून निवडून पेटीत लावतात, गडद डावीकडे, फिका उजवीकडे. पेटीतला हा फरक बारीक असतो, पण दोन पेट्यांत तो बराच असू शकतो. दुकानात निवड करायला मिळाली तर मी गडद, तेलकट पानाची पेटी घेतो. माझ्या अनुभवात ती मुरल्यावर जास्त गोड होते.

मुंबईत सिगार सांभाळणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितो, कारण इथली हवा सिगारची वैरी आहे. पावसाळ्यात लाकडी ह्युमिडॉरवर, म्हणजे सिगार ठेवायच्या डब्यावर, भरवसा ठेवू नका. खोलीतली आर्द्रता नव्वदच्या घरात गेली की डब्यातला काटाही चढतो, आणि बुरशी धरायला वेळ लागत नाही. पांढरी भुकटी दिसली की काही जण ‘छान मुरलाय’ म्हणून खूश होतात. मी ती बुरशीच समजतो आणि तो सिगार बाजूला काढतो. रबराची कड असलेला हवाबंद डबा, त्यात आर्द्रता ६५ टक्क्यांवर धरणाऱ्या दुहेरी पुड्या (जास्तीची ओल शोषतात, कमी पडली तर सोडतात), आणि डबा छोट्या वाइन कूलरमध्ये १८ अंशांवर, ही माझी व्यवस्था. मे महिन्यात तापमानाकडे जास्त लक्ष हवं. पंचविशीच्या वर गेलं की तंबाखूच्या भुंगेऱ्याची अंडी फुटायचा धोका असतो, आणि एक भुंगेरा पेटीभर भोकं पाडू शकतो. डी फोर ७० टक्क्यांवर ठेवला तर वारंवार विझतो आणि चव दबते. ६५ वर तो खुलतो. पार्सलने आलेला सिगार लगेच पेटवू नका, निदान महिनाभर पडू द्या.

तंबाखू आहे, अपाय आहेच. मी आठवड्याला एकाच्या पुढे जात नाही आणि धूर छातीत घेत नाही.

घ्यावा का? तिखट, मातकट चव आवडत असेल तर नक्की. पहिल्यांदाच सिगार ओढणार असाल तर याच्यापासून सुरुवात करू नका, ओयो दे मोंतेर्रेईसारखा सौम्य घ्या. पंचवीसची पेटी परवडत असेल तर तीच घ्या. थोडे आत्ता ओढा, बाकीचे चार-पाच वर्षं विसरून जा. माझ्या २०२३ च्या पेटीतले उरलेले सिगार आता २०२८ पर्यंत बाहेर निघणार नाहीत. सुटे घेणार असाल तर दुकानदाराला मूळ पेटी दाखवायला सांगा आणि तळाचा शिक्का स्वतः वाचा. दोन साल शिल्लक असतील तर जुनं मागा, थोडे जास्त पैसे पडले तरी.