काळमेघाची कॅप्सूल: कडूपणा अस्सल, लेबल अपुरे

गुलमंडी परिसरातील एका दुकानातून काळमेघ या कडू औषधी वनस्पतीच्या कॅप्सूलची डबी घेतली. एक कॅप्सूल उघडली, तर आत हिरवट, भरड भुकटी निघाली आणि जिभेला लावताच कडूजहर लागली. माल अस्सल असावा. थायलंडमध्ये याच वनस्पतीला ‘फा थलाय चोन’ म्हणतात. तेथील आरोग्य मंत्रालयाने २०२० च्या अखेरीस सौम्य कोविडसाठी तिच्या प्रायोगिक वापरास मान्यता दिली, ती मात्र अँड्रोग्राफोलाइड या घटकाची दैनिक मात्रा १८० मिलिग्रॅम अशी मोजून. हा घटक पाण्यात जेमतेम विरघळत असल्याने रक्तात थोडाच पोहोचतो, म्हणून मात्रेचा उल्लेख अत्यावश्यक ठरतो. डबीवर केवळ ‘चूर्ण ५०० मिलिग्रॅम’ छापले आहे; त्यात अँड्रोग्राफोलाइड किती, याचा पत्ता नाही. विचारले असता दुकानदार म्हणाले, “काढाच समजा, साहेब.” मग काढाच स्वस्त पडला असता.