गुगल सर्टिफाइड एज्युकेटर लेव्हल 1: दहा महिन्यांनंतरचा अनुभव

वर्गात गुगलची साधने वापरता येतात का, हे पाहणारी गुगलची शिक्षकांसाठीची ही परीक्षा मी 2022 च्या मे महिन्याच्या सुट्टीत दिली आणि उत्तीर्ण झालो. प्रमाणपत्र मिळून आता दहा महिने झाले. टीचर सेंटर या गुगलच्या संकेतस्थळावरचे तयारीचे धडे विनामूल्य आहेत आणि त्यांत काय आहे, हे बहुतेक शिक्षकांना ठाऊक असते, म्हणून त्याविषयी लिहीत नाही. आधी परीक्षेच्या शुल्काविषयी लिहितो, कारण मला अडवले ते त्या दहा डॉलरनी.

दहा डॉलर म्हणजे त्या वेळचे पावणेआठशे रुपये. रक्कम जड नव्हती, पण ती भरताच येत नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी 2020 च्या परिपत्रकानुसार, 16 मार्च 2020 पासून नवे किंवा बदलून दिलेले कार्ड सुरुवातीला फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या यंत्रांवर चालते. ऑनलाइन आणि परदेशी व्यवहारांची सोय खातेदाराने स्वतः सुरू करून घ्यायची असते. नियम आपल्याच सुरक्षेसाठी आहे आणि तो मला मान्य आहे. परंतु माझे पगारखाते ज्या शाखेत आहे तिथे त्याची माहिती कुणालाच नव्हती. पहिल्या दिवशी मला अर्ज लिहून द्यायला सांगितले, दुसऱ्या दिवशी तो अर्ज कुणाच्या टेबलावर आहे हे कळेना, आणि तिसऱ्या खेपेला "सर, यूपीआयने का भरत नाही?" असा प्रश्न आला. चौथ्या खेपेला शाखाधिकाऱ्यांनी स्वतः संगणकासमोर बसून दोन मिनिटांत काम केले. आमच्या वस्तीवरून तालुक्याला जाऊन यायला अर्धा दिवस आणि शंभर रुपयांचे पेट्रोल लागते, म्हणजे शुल्काच्या निम्म्याहून अधिक पैसे शुल्क भरण्याच्या खटपटीतच गेले. दोन मिनिटांच्या कामासाठी माणसाला चार वेळा यायला लावणे मला आजही पटलेले नाही.

परीक्षेबद्दल मात्र तक्रार नाही. तेव्हा ती तीन तासांची होती. काही प्रश्न पर्यायांचे, तर काही कामे तात्पुरत्या खात्यात प्रत्यक्ष करून दाखवायची. प्रश्न बाहेर सांगायचे नसतात, त्यामुळे ते इथे देत नाही. एवढे मात्र सांगतो की पाठांतर तिथे उपयोगी पडत नाही. सेवेसाठी एमएस-सीआयटी केले तेव्हा मी संगणक शिकलो होतो, या परीक्षेत पहिल्यांदा कुणीतरी मला वर्गातली अडचण देऊन "आता काय कराल?" असे विचारले.

तरीही निकालानंतरचे तीन-चार महिने मी सहकाऱ्यांना "करू नका" असेच सांगत होतो. सेवापुस्तकात नोंद झाली नाही, वेतनवाढीशी संबंध नाही आणि तीन वर्षांनी मुदत संपली की पुन्हा शुल्क भरायचे. हे मत सप्टेंबरमध्ये सहावीच्या अपूर्णांकांनी बदलले.

1/2 आणि 1/3 यांची बेरीज करताना मुले अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून 2/5 लिहितात, हे गणित शिकवणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. गुगल फॉर्ममध्ये मुलाने निवडलेल्या उत्तरानुसार त्याला वेगळ्या विभागात नेता येते. ही सोय मी परीक्षेच्या तयारीत शिकलो होतो, पण वापरली कधीच नव्हती. ज्याने 2/5 निवडले त्याच्यासमोर अर्ध्या भाकरीचे चित्र येईल आणि खाली प्रश्न असेल, "या अर्ध्या भाकरीशेजारी आणखी एक तुकडा ठेवला. आता सगळी मिळून अर्ध्याहून कमी होईल का?" तिथून त्याने दुसऱ्या उदाहरणाकडे जायचे, अशी मांडणी मी केली. शाळेत लोकवर्गणीतून घेतलेले चार टॅब आहेत. बावीस मुलांनी ते आळीपाळीने वापरले. एक मुलगी त्या चित्राशी बराच वेळ थांबली आणि मग मोठ्याने म्हणाली, "सर, माझं चुकलं. भाकरी वाढायला पाहिजे, ही तर कमी झाली." 2/5 हे 1/2 पेक्षा लहान आहे, हे तिने स्वतः शोधले होते. इतकी वर्षे मी फळ्यावर चुकीवर फुली मारून समच्छेद करायला सांगत आलो होतो. मुलाला आपली चूक स्वतः दिसेपर्यंत वेळ देणे मला जमले नव्हते. संध्याकाळी मुलांची उत्तरे जमा झालेली शीट उघडली, तेव्हा कोण कोणत्या वाटेने गेले हे नावानिशी समोर होते आणि दुसऱ्या दिवशी कुणाजवळ बसायचे हे मला ठरवता आले.

त्यानंतर तीन वर्षांच्या मुदतीबद्दलचा माझा रागही ओसरला आहे. ही साधने सतत बदलतात. एकदा शिकलेले आयुष्यभर पुरेल, असे मला आता वाटत नाही. सेवापुस्तकात नोंद व्हायला हवी, या मतावर मात्र मी ठाम आहे. लेव्हल 2 चे शुल्क 25 डॉलर आहे आणि मी ती परीक्षाही देणार आहे.

गेल्या शिक्षण परिषदेत, म्हणजे परिसरातल्या शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीत, केंद्रातल्या दोन मॅडमनी तयारी कशी करायची असे विचारले. धड्यांचा दुवा मी त्यांना नंतर पाठवला. आधी त्यांचे कार्ड परदेशी व्यवहारासाठी सुरू आहे का ते त्यांच्या मोबाइलवर पाहिले. एकीचे बंद होते, आणि तिच्या बँकेच्या ॲपमधून ते तिथल्या तिथे सुरू झाले.