कॅम्पर व्हॅन आणि हिडकलचा काठ: एकट्या माणसाला कितपत पुरते?

फोर्स ट्रॅव्हलरच्या ३३५० मिमी व्हीलबेसवर (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) बांधलेली, दोघांच्या झोपण्याची भाड्याची कॅम्पर एका माणसाला बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल जलाशयाच्या काठी तीन रात्री आरामात पुरते. चौथ्या दिवशी पाण्याची टाकी, संडासाची पेटी आणि बॅटरी तिघीही एकदमच हात वर करतात. गाडी भाड्याने देणारे खिडकीला पाणी टेकल्यासारखे फोटो दाखवतात, पण ही गाडी तिथवर न्यायची नसते. ती पाण्यापासून किती लांब उभी करायची, हे ज्याला कळलं त्याची सहल बरी होते. बाकी सोयी-गैरसोयी त्यानंतरच्या.

हिडकलचं धरण म्हणजे घटप्रभेवरचं राजा लखमगौडा धरण, हुक्केरी तालुक्यात. साठा ५१ टीएमसी, पूर्ण पातळी २१७५ फूट. बेळगावची वर्तमानपत्रं पावसाळ्यात रोज पातळी छापतात; निघण्याआधी तो आकडा बघणं हे हवामान बघण्याइतकंच गरजेचं. ऑगस्ट ते ऑक्टोबर पाणी वर झुडपांपर्यंत चढलेलं असतं आणि गाडी उभी करण्यासारखी जागा गावरस्त्यांच्या कडेलाच उरते. गोकाकचा ५२ मीटरचा धबधबा मात्र याच दिवसांत बघण्यासारखा, त्यामुळे धबधबा आणि काठावरचा मुक्काम एकाच फेरीत बसवायचा हट्ट सोडावा. काठासाठी नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर चांगला. पुढे पाणी ओसरत जातं. उन्हाळ्यात हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर पाण्याबाहेर येतं आणि ते बघायला लोक गाड्या थेट तळ्याच्या पोटात घालतात. रुतण्याचे बहुतेक प्रकार तेव्हाचेच.

कारण साधं आहे. उतार पन्नासास एक असेल तर पातळी एक फूट उतरली की पन्नास फूट जमीन उघडी पडते. वरून ती वाळलेली, भेगाळलेली, अगदी क्रिकेट खेळावं अशी दिसते. ती पापडी चार-सहा बोटं जाडीची. खाली काळी चिकण माती ओलीच असते, कारण पापडीमुळे खालचा ओलावा लवकर उडत नाही. शेतकरी वाफसा, म्हणजे माती पुरेशी सुकली का ते, बघून कुळव घालतो, तसाच इथे वाफसा बघायचा. तंबूची लोखंडी खुंटी टाचेने दाबावी. वीतभर सहज आत गेली तर तिथून मागे फिरावं. माणूस चालला आणि पाय रुतला नाही, याला काही अर्थ नाही. सामान भरलेली गाडी तीन टनांच्या घरात जाते, आणि टाकी, बॅटरी, पलंग सगळं मागे असल्याने निम्म्याहून जास्त भार मागच्या चाकांवर येतो. जोरही मागच्याच चाकांना. ती एकदा पापडी फोडून खाली गेली की पुढची चाकं मदत करत नाहीत.

मग थांबायचं कुठे? काठावर वाळक्या काटक्या, प्लास्टिक आणि कचऱ्याची एक रेघ दिसते, ती गेल्या भरतीची खूण. तिच्या वर, चिकण माती संपून मुरमाड माळ लागतो तिथे. पाणी मग शंभर-दोनशे पावलं लांब राहतं, राहू द्या. गाडीचं तोंड चढाकडे, म्हणजे परतीच्या वाटेकडे, आणि जमल्यास वारा अंगावर घेणारी बाजू दाराच्या उलट. मार्च ते मे वळवाचं आभाळ दिसलं तर गाडी आधीच पक्क्या वाटेवर आणून ठेवावी. वळीव दहा मिनिटं झोडपतो, तेवढ्यात काळी माती टायरच्या खाचा भरून टाकते आणि टायर गुळगुळीत होतो. तशात रेस देणं म्हणजे स्वतःचा खड्डा स्वतः खणणं.

रुतलीच तर पहिलं काम इंजिन बंद. मागच्या चाकांपुढची माती फावड्याने उतरती करायची, टायरचा दाब उतरवून ३५ ते ४० पीएसआयवर आणायचा, चाकाखाली गोणपाट किंवा फळ्या घालून पहिल्या गिअरमध्ये हळू क्लच सोडायचा. ऊसपट्ट्यात असल्याने पाचट हाताशी असतं आणि लोक तेच सुचवतात, पण वाळलं पाचट गरम सायलेन्सरखाली घालू नये. बीएस-६ डिझेल गाडीतला काजळीचा फिल्टर स्वतःला साफ करतो तेव्हा धुराड्याचा तो भाग भयंकर तापतो. वाळक्या गवतावर गाडी उभी करून इंजिन चालू ठेवणंही याच कारणाने टाळावं. दोन प्रयत्नांत निघाली नाही तर ट्रॅक्टर बोलवावा. गळिताच्या हंगामात तो पाऊण तासात मिळतो, फक्त ओढायचा हूक गाडीत असला पाहिजे. तो अवजारांच्या डब्यात सुटा असतो आणि पुढच्या बंपरमधल्या आटीत फिरवून बसतो. भाड्याच्या गाड्यांत बऱ्याचदा नेमका तोच नसतो. हूक नाही म्हणून स्प्रिंगच्या पाट्याला साखळी बांधली की दुरुस्तीचं बिल भाड्याला मागे टाकतं.

डांबरीवर येण्याआधी दाराच्या खांबावरच्या चिठ्ठीत लिहिलेला दाब परत भरायचा. सिगारेट लायटरवर चालणारा कारचा छोटा पंप व्हॅनच्या दाबाला पोचण्याआधीच तापून बसतो. थेट बॅटरीला चिमट्याने जोडायचा पंप न्यावा.

आणखी एक गोष्ट नकाशावर दिसत नाही. पाणी मागे सरकतं तसे शेतकरी त्या गाळावर पीक घेतात, आणि त्यासाठी पंपसेटच्या केबल आणि पाइप काठावरून पसरलेले असतात. केबल गवतात लपते. तिच्यावरून चाक नेऊ नये. नुकसान त्यांचं, धोका दोघांना. पेरलेल्या पट्ट्यातून वाट काढणं तर अगदीच गावंढळपणा. हुक्केरीकडे मराठी चालून जाते, तरी कन्नडमध्ये ‘इल्लि गाडी निल्लिसबहुदा?’ (इथे गाडी उभी करता येईल का?) एवढं विचारलं की समोरचा माणूस चांगली जागा स्वतःच दाखवतो. जलाशयाची जमीन कर्नाटक नीरावरी निगमची आहे, तिथे कॅम्पिंगची सोय अशी काही नाही. धरणाच्या भिंतीजवळ थांबायचं नाही, भिंतीच्या खालच्या अंगाला नदीपात्रात तर मुळीच नाही, कारण दारं उघडली की पाणी वाट बघत नाही. एकट्याने असाल तर जवळच्या गावात कुणाला तरी गाडीचा नंबर आणि किती रात्री आहात हे सांगून ठेवावं.

आता गाडीच्या आतलं.

वीज हा या गाड्यांचा सगळ्यात फुगवून सांगितलेला भाग. छपरावर ३३० वॅटचं सौर पॅनल, आत १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, म्हणजे १२.८ व्होल्टने १२८० वॅट-अवर. एका माणसाचा खर्च मांडून बघा. कॉम्प्रेसर फ्रिज ४५ वॅटचा, निम्मा वेळ चालला तर दिवसाला ५४०, पंखा २५ वॅटने आठ तास २००, लॅपटॉप १५०, दिवे, पाण्याचा पंप, मोबाईल मिळून १००. हजाराच्या आसपास. जानेवारी-फेब्रुवारीच्या स्वच्छ उन्हात आडवं पॅनल साधारण तेवढंच देतं, तेही धूळ पुसली असेल तर. म्हणजे जमाखर्च जेमतेम जुळतो. मार्चनंतर सावलीची गरज लागते, आणि गाडी बाभळीखाली घेतली की पॅनल झोपतं. फ्रिज मात्र उन्हाळ्यात जास्त धावतो. दुसऱ्या रात्रीच बॅटरी तळाला जाते. उपाय एकच: इंजिनवरून बॅटरी भरणारा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर आहे का ते आधी विचारा. तो असेल तर संकेश्वर किंवा हुक्केरीच्या बाजाराची तासाभराची फेरी ३८० वॅट-अवर परत आणते. आणि संकेश्वरला गेलात तर मिरची घ्याच.

काही बांधणारे पैसे वाचवायला घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर (शिसं आणि ॲसिडची) बॅटरी टाकतात. तिच्यातले निम्मेच वापरावेत, नाहीतर आयुष्य घटतं; वजन अर्ध्या क्विंटलच्या वर; आणि चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. पलंगाखाली बंद पेटीत अशी बॅटरी दिसली तर ती गाडी घेऊ नये.

इंडक्शनची शेगडी जाहिरातीत छान दिसते. १५०० वॅटला १२.८ व्होल्टवर ११७ अँपिअर लागतात, इन्व्हर्टरचा तोटा धरला तर १३०च्या पुढे. बॅटरीच्या आतलं संरक्षण सर्किट बहुधा १०० अँपिअरचं असतं. म्हणजे भात अर्धा शिजला की गाडीत अंधार, आणि वापरणाऱ्याला वाटतं बॅटरी मेली. पाच किलोचा सिलिंडर आणि एक बर्नर हेच शहाणपणाचं. सिलिंडर उभा, पट्ट्याने आवळलेला, आणि त्याच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं. गॅस हवेहून जड असतो, तो खाली साचतो. वर जाळी आणि खाली भोक नाही असे कप्पे सर्रास दिसतात. रबरी पाइपवरची तारीख बघा, पाच वर्षं उलटली असतील तर बदलून मागा.

पाण्याची टाकी ६० लिटरची. अंगावर पाणी घेऊन आंघोळ, भांडी, चहा धरून जपून वापरणारा दिवसाला पंधराच्या आसपास खर्चतो. पिण्यासाठी वेगळा वीस लिटरचा कॅन न्यावा. गावोगावच्या शुद्ध पाण्याच्या केंद्रांत नाणं टाकून तो भरून मिळतो, पाटी कन्नडमध्ये ‘शुद्ध कुडियुव नीरिन घटक’ (शुद्ध पिण्याच्या पाण्याचं केंद्र) अशी असते. जलाशयाचं पाणी टाकीत घालू नये. गाळाने पंपाची जाळी दिवसभरात बुजते आणि पंप कोरडा फिरून जळतो.

संडासाची वीस लिटरची पेटी एकट्याला तीन-चार दिवस चालते. ती रिकामी करायला या भागात खास जागा नाही. पेट्रोल पंपावर विचारून तिथल्या संडासात ओतायची आणि दोन बादल्या पाणी मारायचं, एवढाच सभ्य मार्ग. निळं रसायन फॉर्मल्डिहाइडचं असेल तर सेप्टिक टाकीतले जिवाणू मरतात, म्हणून ते टाळावं. लाकडाचा भुसा घातलेली बादली दिसायला ओबडधोबड, पण एकट्यासाठी हीच जास्त बिनधोक.

झोपायची सोय चांगली आहे. सहा फुटी माणूस आडवा न होता उभा झोपतो, म्हणजे गाडीच्या लांबीत. डिसेंबरात काठावर पहाटे काचांवरून पाणी ओघळतं. छताची झडप बोटभर उघडी ठेवली की कमी होतं. दिव्यांवर चिलटं इतकी येतात की साध्या डासजाळीतून आत शिरतात, त्यामुळे बारीक जाळी हवी आणि अंधार पडल्यावर दार उघडताना आतला दिवा बंद.

गाडी चालवायला जड नाही. हलक्या मोटारीचा परवाना ७५०० किलोपर्यंतच्या गाडीला चालतो, २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यावसायिक नोंदणीच्या गाड्यांबाबतही तेच सांगितलं. महाराष्ट्राची गाडी असेल तर कोगनोळी नाक्याआधी परमिट कर्नाटकात चालतं का ते कागदावर बघून घ्या, तोंडी हमीवर नको. पॅनल आणि झडपेसकट उंची टेपने मोजून डॅशबोर्डवर चिकटवावी. पाच्छापूर, घटप्रभेकडे रेल्वेखालून जाणारे रस्ते आहेत आणि पावसात त्यांत पाणीही साचतं. हत्तरगीहून महामार्ग सोडला की दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठावा. नोव्हेंबर ते मार्च जोडट्रॉल्या उसाने भरून जातात, मागे दिवा नसतो, आणि समोरच्या गाडीच्या उजेडात त्या शेवटच्या क्षणी दिसतात.

बेळगावकडे अशा मुक्कामासाठी हिडकलशिवाय आणखी दोन जलाशयांचा विचार होतो, तेही थोडक्यात. राकसकोप बेळगावच्या पश्चिमेला मार्कंडेयावर, पूर्ण पातळी २४७५ फूट, तांबडी माती, झाडी दाट, दिसायला तिन्हींत सुंदर. पण ते शहराचं पिण्याचं पाणी. तिथे दिवसा जाऊन यावं. मुक्काम, भांडी, साबण काही नको. सौंदत्तीचं नविलुतीर्थ, म्हणजे मलप्रभेवरचा रेणुकासागर, ३७.७३ टीएमसी, पूर्ण पातळी २०७९.५० फूट. पाणी विस्तीर्ण, पण काठाची काळी हिडकलपेक्षा खोल, सावली कमी आणि वारा इतका की छत्रीसारखी बाहेर काढायची कनात मोडते. यल्लम्माच्या पौर्णिमा यात्रांच्या आठवड्यात तिकडे ही लांबडी गाडी घेऊन जाऊच नये. तिथे या व्हॅनला पाचात दोन, हिडकलला साडेतीन. डीसी-डीसी चार्जर, ओढायचा हूक आणि तळाला भोक असलेला गॅसचा कप्पा या तिन्ही गोष्टी गाडी ताब्यात घेताना डोळ्यांनी बघितल्या असतील, तर हिडकलला चार.