शाफ्टची गाडी, वर्षभर वापरल्यावर: बोटं सुरक्षित, पण हबच्या तेलावर लक्ष हवं

माझ्या मोटरसायकलचं मागचं चाक चेनऐवजी शाफ्टने, म्हणजे फिरत्या दांड्याने आणि मागच्या हबमधल्या गिअरने, फिरतं. सर्व्हिसच्या बिलात 'फायनल ड्राइव्ह ऑइल बदलले', म्हणजे त्या हबचं तेल बदललं, असं स्वच्छ छापलेलं होतं. घरी येऊन मागच्या हबखाली वाकून पाहिलं, तर ड्रेन बोल्टच्या षटकोनी खोबणीत वाळलेला चिखल जसाच्या तसा. ॲलन की त्यात एकदा जरी गेली असती तरी तो चिखल तिथे टिकला नसता. दुसऱ्या दिवशी गाडी परत नेली आणि सर्व्हिस ॲडव्हायझरला खाली बसवून तो बोल्ट दाखवला. त्याचं उत्तर होतं, "शाफ्टला काही करावं लागत नाही साहेब, सीलबंद असतं ते."

हेच वाक्य गाडी घेतानाही मला ऐकवलं होतं. शाफ्टच्या गाड्यांचं सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्याने केलं आहे, आणि म्हणूनच हा अनुभव सविस्तर लिहितोय. त्या दिवशी तेल माझ्यासमोर बदलून घेतलं. बोल्टच्या टोकाला चुंबक असतं, त्यावर करड्या रंगाची मऊ पेस्ट जमली होती. नव्या गाडीत गिअरचे दात एकमेकांवर बसताना एवढं निघतंच. बोटांत चोळून पाहिली, कण टोचले नाहीत. टोचणारे तुकडे किंवा चकत्या निघाल्या असत्या तर काळजीचं कारण होतं.

वर्कशॉपचं नाव घेत नाही आणि गाडीचंही देत नाही. माझी तक्रार सर्व्हिसच्या कामाची आहे आणि अनुभव शाफ्टचा, तो कुठल्याही शाफ्टच्या टूररला, म्हणजे लांबच्या प्रवासाच्या मोटरसायकलला, लागू पडेल.

आता मूळ मुद्दा. मी शाफ्ट घेतला तो बोटांसाठी. माझ्याबरोबर लांबच्या प्रवासाला येणाऱ्या एका मित्राचं उजव्या हाताचं मधलं बोट पहिल्या पेरापासून नाही. गाडी पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक अधांतरी ठेवणाऱ्या स्टँडवर), इंजिन चालू, पहिला गिअर, हातात फडकं. चेन आपोआप फिरत राहते, फडकं नुसतं धरून ठेवलं की पुसून निघते, त्यामुळे ही पद्धत फार सोयीची वाटते. फडक्याची एक लोंबती कड खालून स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन ज्यावर बसते त्या मागच्या दातेरी चाकाच्या, दातात गेली. उरलेलं फडकं बोटांना गुंडाळलेलं होतं.

पुष्कळ लोक म्हणतात, "आयडलला तर असतं, हळू फिरतं, काही होत नाही." हा हिशेब मी कागदावर मांडला, तुम्हीही मांडून बघा. आयडल, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन फिरतं तो वेग, 1300 आरपीएम (मिनिटाला 1300 फेरे) धरा. पहिल्या गिअरला इंजिनपासून मागच्या चाकापर्यंतचं एकूण प्रमाण साधारण 15 ला 1. म्हणजे चाक मिनिटाला 87 वेळा फिरतं, सेकंदाला जवळपास दीड फेरा. मागचं स्प्रॉकेट 45 दातांचं आणि चेन 520 किंवा 525 मापाची असेल, तर दोन पिनांमधलं अंतर 15.875 मिलिमीटर. एका फेऱ्यात 71 सेंटीमीटर चेन सरकते. सेकंदाला झाली एक मीटर. काहीतरी ओढलं जातंय हे लक्षात येऊन हात मागे घ्यायला माणसाला निदान 0.2 सेकंद लागतात. तेवढ्यात 20 सेंटीमीटर चेन आत गेलेली असते. फडकं धरलेली बोटं आणि स्प्रॉकेट यांच्यात एवढं अंतर कुणी ठेवतं का?

आता ताकदीचं. आयडलला इंजिनचा टॉर्क फक्त 10 न्यूटन-मीटर धरला तरी 15 च्या प्रमाणाने मागच्या चाकाशी तो 150 होतो. 45 दातांच्या स्प्रॉकेटची त्रिज्या साडेअकरा सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे चेनची ओढ 1300 न्यूटन. सव्वाशे किलोहून जास्त वजन लटकावल्यासारखं. त्यात फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीत आयडल पडायला लागलं की ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, ते सावरायला बघतो. बोट अडकलं म्हणून इंजिन बंद पडेल, ही आशा करू नका. चरकात ऊस जातो तसं ते आत जातं. हातमोजे घातले तरी धोका कमी होत नाही, सैल कापडी मोजा तर फडक्यापेक्षाही लवकर अडकतो.

ज्यांच्याकडे चेन आहे त्यांनी एवढं तरी पाळा. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, आणि किल्ली गाडीतून काढून खिशात. किल्ली खिशात यासाठी, की मधेच कुणी मदतीला येऊन स्टार्टर दाबू शकतं. चाक हाताने फिरवा आणि उलटं फिरवा. गाडी पुढे जाताना चेनची खालची बाजू मागच्या स्प्रॉकेटकडे धावते, तिथेच सगळं आत खेचलं जातं. चाक उलटं फिरवलं की खालची बाजू मागच्या स्प्रॉकेटपासून दूर जाते, आणि आपण काम नेमकं त्या खालच्या बाजूवर करत असतो. तरी पुसताना चाक फिरवूच नका. एक हातभर चेन पुसायची, हात बाजूला घ्यायचा, चाक थोडं ढकलायचं, ते पूर्ण थांबलं की पुढचा हातभर. टायरसकट चाक जड असतं, हाताने दिलेल्या गतीवरही ते बोट चिरडू शकतं.

फडक्याऐवजी लांब दांड्याचा नायलॉनचा ब्रश घ्या. तारेचा ब्रश नको, तो चेनच्या कड्यांमधल्या रबरी ओ-रिंग फाडतो. पेट्रोलने रबर खराब होतं आणि आगीची भीती वेगळीच, त्यामुळे रॉकेल किंवा चेन क्लीनरच वापरा. ओ-रिंगच्या चेनमध्ये पिन आणि बुशच्या मधलं ग्रीस कारखान्यात भरलेलं असतं. ती रिंग गेली की वरून कितीही ल्यूब (वंगण) मारलं तरी आत पोचत नाही. ल्यूब चेनच्या आतल्या अंगाने मारायचं, म्हणजे फिरताना ते बाहेरच्या बाजूला पसरतं. टायर आणि डिस्कवर एक थेंबही जायला नको.

चेन ताणणं हा वेगळा विषय आहे, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. सैल चेनपेक्षा ताठ चेन लोकांना बरी वाटते. ती गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टच्या बेअरिंगला मारते. सस्पेन्शन दबताना पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्हट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते, त्यासाठी तो सैलपणा ठेवलेला असतो. मॅन्युअलमध्ये 30 ते 40 मिलिमीटर लिहिलं असेल तर तेवढाच ठेवा, आणि चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजून जिथे चेन सगळ्यात ताठ लागते तिथलं माप धरा. झिजलेली चेन ओळखायला 20 कड्यांची लांबी मोजतात. वर सांगितलेल्या मापाच्या नव्या चेनची ती 317.5 मिलिमीटर भरते. 321 च्या घरात गेली की चेन-स्प्रॉकेट किट बदलायची तयारी करा. वेगात तुटलेली चेन मागचं चाक जाम करू शकते किंवा इंजिनचं केसिंग फोडू शकते.

हे सगळं किती वेळा करायचं, तर दर 500 ते 1000 किलोमीटरला, शिवाय पावसात भिजल्यावर. लांबच्या प्रवासात मुक्कामाला पोचल्यावर, अंग मोडलेलं असताना, अपुऱ्या उजेडात. दमलेला माणूस तेव्हाच "चालू इंजिनवर पटकन उरकतो" म्हणतो. शाफ्टमध्ये ही वेळच येत नाही. माझ्या गाडीचं हबचं तेल मॅन्युअलप्रमाणे हजारो किलोमीटरनंतर एकदा बदलायचं, तेही पाव लिटरच्या आत, आणि त्या वेळी चाक स्थिर, इंजिन बंद. फिरतं काहीच उघडं नाही. या एका कारणासाठी मी बाकीच्या सगळ्या उणिवा पोटात घालायला तयार आहे.

उणिवा आहेत. पहिले काही महिने मी भेटेल त्याला सांगत होतो की शाफ्टला सुरक्षेच्या बाजूने बोट ठेवायला जागा नाही. हे मत मी आता बदललं आहे. एका मोठ्या प्रवासाहून आल्यावर गाडी धुताना मागच्या रिमच्या आतल्या कडेला तेलाची बारीक ओली रेघ दिसली. धूळ फक्त तेवढ्याच पट्ट्यात चिकटून बसली होती. हबचं मोठं ऑइल सील झिरपत होतं. तेल थोडंच होतं, पण ते चाक फिरताना बाहेरच्या बाजूला, म्हणजे टायरकडे सरकतं. वळणावर गाडी झुकली की नेमकी टायरची कडच रस्त्याला लागते. कित्येक गाड्यांत ब्रेकची डिस्कही जवळच असते. रिम नीट साफ करून गाडी हळू चालवत वर्कशॉपला नेली. सील वॉरंटीत बदलून मिळालं, त्यासाठी मात्र भांडावं लागलं. "सगळ्याच शाफ्टना थोडं येतं" असं सांगून बोळवण करायचा प्रयत्न झाला. तो मान्य करू नका. हबमधून बाहेर येणारं तेल 'थोडं' असलं तरी चालत नाही.

दोन्ही धोके शेजारी ठेवल्यावरही माझं पारडं शाफ्टकडेच झुकतं. सील बहुतेक वेळा आधी खूण देतं. रेघ दिसते, वाढते, वास येतो. दर आठवड्याला हबवर आणि रिमच्या आतल्या कडेवर कोरडा पांढरा कागद फिरवला की कळतं. स्प्रॉकेट तशी संधी देत नाही.

तेल बदलून घेताना मेकॅनिक गाडी कशी उभी करतो ते बघा. लेव्हल गाडी सरळ उभी असताना बघायची, साइड स्टँडवर झुकलेली असताना नाही. तेल जास्त भरलं तर गरम झाल्यावर त्याचा दाब सीलवर येतो. तेल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच हवं, बहुतेक ठिकाणी ते जीएल-5 हायपॉइड गिअर ऑइल असतं. इंजिन ऑइल तिथे चालत नाही. आणि तुमच्या गाडीत चाक काढल्यावर स्प्लाइन (शाफ्टची ताकद चाकाला देणाऱ्या जोडणीतल्या खाचा) उघड्या पडत असतील, तर टायर बदलताना त्यांना मॅन्युअलमध्ये सांगितलेलं ग्रीस लावून घ्या. टायरवाला हे स्वतःहून करत नाही. स्प्लाइन कोरड्या झिजल्या तर पूर्ण जोडणी बदलायची वेळ येते.

चालवताना फरक जाणवतो. थ्रॉटल सोडून पुन्हा दिला की एक हलका 'खट' येतो. दोन गिअरच्या दातांमध्ये मोकळीक असतेच, ती तिथे ऐकू येते. जुन्या शाफ्टच्या गाड्यांची मागची बाजू थ्रॉटल दिला की वर उचलली जायची. बीएमडब्ल्यूने 1987 मध्ये आर100जीएसवर पॅरालिव्हर नावाची रचना आणून ते बरंच आटोक्यात आणलं, आणि इतरांनीही आपापल्या रचना केल्या. माझ्या गाडीत हा त्रास सावकाश चालवताना अजिबात नाही, जोरात वेग घेताना थोडा वाटतो. वजन जास्त आहे आणि ते चाकाशी आहे, खडबडीत रस्त्यावर मागचं सस्पेन्शन थोडं जड वाटतं.

मायलेजचं म्हणाल तर स्वच्छ, ल्यूब केलेल्या चेनपेक्षा शाफ्टमध्ये शक्ती जास्त वाया जाते, कारण बेव्हल गिअरमधून ताकद काटकोनात वळवावी लागते. इंजिनचा क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेला असेल तर हे वळण एकदाच घ्यावं लागतं. बीएमडब्ल्यूची 1923 ची आर32 तशी होती आणि 1974 मध्ये दाखवलेली होंडाची गोल्ड विंगही तशीच. क्रँक आडवा असेल, जसा 2001 च्या यामाहा एफजेआर1300 मध्ये आहे, तर दोनदा वळावं लागतं. वापरताना हा फरक मला टाकीमागे फारसा दिसला नाही.

पैशांचा हिशेब मी काटेकोर ठेवतो. चेन-स्प्रॉकेट किट, ल्यूबचे कॅन, क्लीनर, हे सगळं वाचलं. पण हबमधलं क्राउन-पिनियन (तिथली गिअरची जोडी) गेलं तर तेवढी बचत एका फटक्यात संपते, वर अजून लागतात. म्हणून वॉरंटी संपायच्या आत सील, बेअरिंग आणि शाफ्टचं रबरी बूट (सांध्यावरचं आवरण) तपासून जॉबकार्डवर लेखी घ्या. वर्षाला थोडेच किलोमीटर चालवणाऱ्याने केवळ बचतीसाठी शाफ्ट घेऊ नये, त्याचे पैसे वसूल होणार नाहीत. लहान इंजिनाच्या गाडीला चेनच बरी, वजन आणि शक्ती दोन्ही वाचतात. अशा गाडीला सेंटर स्टँड बसवता येत असेल तर आधी तो बसवा, म्हणजे चाक हाताने फिरवणं सोपं होतं आणि इंजिन चालू करायचा मोहच होत नाही.

जुनी शाफ्टची गाडी बघायला गेलात तर मागचं चाक वर उचलून घड्याळाच्या 12 आणि 6 च्या जागी दोन हातांनी धरा आणि आत-बाहेर हलवा. मॅन्युअल परवानगी देतं त्याहून जास्त खेळ लागला तर हबचं बेअरिंग संपत आलंय. बूट फाटलेलं आहे का आणि आत पाणी गेलंय का ते पाहा. मालकाला विचारा, हबचं तेल शेवटचं कधी बदललं. "शाफ्टला काही लागत नाही" असं उत्तर आलं, तर त्या तेलाचा थेंब बघितल्याशिवाय सौदा करू नका.